सिद्ध न झालेल्या आरोपाचे वजन किती? कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीविषयी एक शंका

वाचनवेडा :

आमच्या ग्रंथालयाच्या अभ्यासमंडळात गेल्या रविवारी ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीचा विषय निघाला आणि सगळी चर्चा दोन वाक्यांभोवती घुटमळत राहिली. एका गटाचे म्हणणे होते की, आरोप सिद्धच झाला नाही, तर माणसाला अडवायचे कशासाठी? दुसरा गट म्हणत होता की, एवढी मानहानी पत्करून एखादी बाई साऱ्या जगासमोर खोटे कशाला बोलेल? मला दोन्ही उत्तरे तोकडी वाटली, पण ती का तोकडी आहेत हे तिथे मांडता आले नाही.

ज्यांना प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ती अँथनी केनेडी निवृत्त होणार होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी कॅव्हनॉ यांचे नाव पुढे केले. मानसशास्त्राच्या प्राध्यापक क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांचा आरोप असा होता की, १९८२च्या उन्हाळ्यात, त्या १५ वर्षांच्या आणि कॅव्हनॉ १७ वर्षांचे असताना, मेरीलँडमधील एका घरात त्यांनी आपल्याला पलंगावर दाबून धरले आणि ओरडू नये म्हणून तोंडावर हात ठेवला. कॅव्हनॉ यांनी हे साफ नाकारले. २७ सप्टेंबरला, अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे दोघांनीही शपथेवर आपापले म्हणणे सांगितले आणि ६ ऑक्टोबरला ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणुकीवर शिक्कामोर्तब झाले.

छत्तीस वर्षांपूर्वीची घटना, ना तेव्हा केलेली तक्रार, ना वैद्यकीय पुरावा. आणि समोर आयुष्यभराचे न्यायासन. असा आरोप कोणत्या मापाने तोलावा?

जुना काळा कोट :

मी जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षे फौजदारी वकिली केली आणि तीही बहुतेक आरोपींच्या वतीने, तेव्हा संशयाचा फायदा ही माझी रोजीरोटीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

माप कोणते, हे परिणाम काय होणार यावर ठरते. माणसाला तुरुंगात पाठवायचे असेल तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबित व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात किंवा विभागीय चौकशीत संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. नेमणुकीत तर कोणाचे काही हिरावून घ्यायचे नसते, कारण ती खुर्ची अजून त्याची झालेलीच नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध मेहर सिंग या प्रकरणात असे मान्य केले की, फौजदारी खटल्यातून सुटलेल्या उमेदवारालाही, ती सुटका निष्कलंक नसेल, तर पोलीस दलात घेण्यास नकार देता येतो. शिपायाच्या नोकरीला जे माप चालते ते सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लावले, तर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही.

तरीही खालचे माप लावले म्हणजे आरोप आपोआप टिकतो, असे नाही. सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी ५ ऑक्टोबरच्या भाषणात, घटना घडली असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे का, हीच कसोटी लावली आणि ती पूर्ण होत नाही असे सांगून कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिले. माझा आक्षेप त्यांच्या कसोटीला नाही. पारड्यात टाकायचा मालच कोणी नीट गोळा केला नव्हता, हा माझा आक्षेप आहे. फोर्ड यांनी सांगितले होते की, घटनेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, त्या खोलीत हजर असलेला कॅव्हनॉ यांचा मित्र मार्क जज त्यांना जवळच्या सेफवे दुकानात काम करताना दिसला आणि त्या समोर येताच त्याचा चेहरा उतरला. आमच्या तालुक्याच्या ठाण्यातला साधा हवालदारसुद्धा आधी दुकानाचे हजेरीपट शोधायला गेला असता, कारण तो त्या दुकानात कोणत्या महिन्यात कामाला होता हे कळले की घटनेची तारीख काही आठवड्यांच्या आत आणता येते. जेफ फ्लेक या एका सिनेटरने आग्रह धरला म्हणून एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला आठवडाभर मिळाला. त्यांनी दहाएक माणसांशी बोलणे केले, पण खुद्द फोर्ड आणि कॅव्हनॉ यांना काही विचारले नाही. पुढे २०२१ मध्ये एफबीआयच्याच पत्रातून कळले की, त्यांच्याकडे ४,५०० हून अधिक माहितीचे संदेश आले होते आणि त्यांतले संबंधित तेवढे व्हाइट हाउसच्या कायदा सल्लागारांकडे पाठवण्यात आले.

तारीख आणि घर आठवत नाही, या मुद्द्यावर पुष्कळ जणांनी टीका केली होती. माझ्या एका खटल्यात मी उलटतपासणीत साक्षीदार बाईला वार, तारीख, घड्याळातली वेळ विचारून हैराण केले होते. तिला एकाचेही उत्तर देता आले नाही. मात्र आतून कडी लावताना ती त्याच्या हातून दोनदा निसटली, हे तिने कोणी न विचारता सांगितले आणि त्यानंतर पुढचा प्रश्न काय विचारावा हे मला सुचेना. आरोपी सुटला, संशयाचा फायदा मीच मिळवून दिला होता. फोर्ड यांनाही कोणाचे घर ते आठवत नव्हते, पण अरुंद जिना, वाढवलेला गाण्यांचा आवाज, समोरचे बाथरूम आणि त्या दोघांचे हसणे आठवत होते. यावरून त्या खऱ्या ठरतात असे माझे म्हणणे नाही. पण तारीख आठवत नाही म्हणून त्या खोट्या ठरतात, हेही मी मान्य करणार नाही.

पोटोमॅककाठी :

फोर्ड यांनी सांगितलेली घटना मेरीलँडच्या ज्या मॉन्टगोमेरी परगण्यातली, तिथेच मी वीस वर्षे राहते, म्हणून एक स्थानिक गोष्ट सांगते. 'सिद्ध झाले नाही' असे म्हणताना ते कुठे सिद्ध व्हायचे होते, हे कोणी विचारत नाही. मॉन्टगोमेरी परगण्याच्या पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी तेव्हाच कळवले होते की, १९८२च्या मेरीलँड कायद्यात हल्ला आणि बलात्काराचा प्रयत्न हे सौम्य वर्गातले गुन्हे होते आणि खटला भरायची मुदत एक वर्षाची होती. म्हणजे फौजदारी न्यायालयाचे दार १९८३ सालीच बंद झाले होते. उरली ती फक्त सिनेटची समिती.

आणि त्या समितीची पद्धत तरी काय होती? प्रत्येक सदस्याला पाच मिनिटे. समितीतले अकराही रिपब्लिकन सदस्य पुरुष होते, म्हणून त्यांनी ॲरिझोनातील सरकारी वकील रेचेल मिचेल यांना आपल्या वतीने प्रश्न विचारायला बसवले. मिचेल यांना प्रश्नाचा धागा सापडतो न सापडतो तोच वेळ संपायची. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत अशी मुलाखत घेणे योग्य नव्हे, हे त्यांनी फोर्ड यांच्यासमोर बोलून दाखवले. दुपारी त्यांनी कॅव्हनॉ यांच्या १९८२च्या दिनदर्शिकेतील १ जुलैच्या, मित्रांसोबत जमण्याच्या नोंदीवर प्रश्न विचारले, आणि थोड्याच वेळात रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी रागारागाने भाषण सुरू केले. त्यानंतर रिपब्लिकन सदस्य स्वतःच बोलू लागले. १९९१ मध्ये ॲनिटा हिल यांनी सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे उमेदवार क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा सगळी चौदा माणसांची समिती पुरुषांची होती आणि थॉमस यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. सत्तावीस वर्षांत प्रश्न विचारायला एक बाई भाड्याने आणली, एवढीच काय ती प्रगती म्हणायची.

शंकासुर :

वकीलसाहेबांचे मापाचे विवेचन पटले, पण त्यांनी एक गोष्ट हलक्याने घेतली. फोर्ड यांनी ज्यांची नावे घेतली त्यांपैकी कोणालाही ती संध्याकाळ आठवत नव्हती, आणि त्यांत त्यांची स्वतःची शाळकरी मैत्रीणही होती. मैत्रिणीला न आठवणे हा काही निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, कारण तिच्या दृष्टीने त्या संध्याकाळी काही घडलेच नव्हते; तरी दुजोरा मिळाला नाही, ही वस्तुस्थिती पारड्यात धरावीच लागेल. स्वतः मिचेल यांनीही ३० सप्टेंबरच्या टिपणात, हा पुरावा संभाव्यतेच्या कसोटीलाही उतरत नाही, असेच लिहिले. नुसत्या शंकेवर उमेदवार बाद करायचा म्हटले, तर उद्या हव्या त्या माणसाला हव्या त्या वेळी बाद करता येईल. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांना आरोप कळवणारे फोर्ड यांचे पत्र ३० जुलैचे होते. त्यांनी गुप्ततेची विनंती केली होती हे खरे, पण त्यांचे नाव १६ सप्टेंबरला, ऐन मतदानाच्या तोंडावर जाहीर झाले. त्यामुळे चौकशीला वेळ उरला नाही आणि संशयाला मात्र भरपूर जागा उरली.

मात्र मला दुसरेच पारडे जड वाटते. निरपराध माणूस संतापणारच, हे मी समजू शकतो. पण न्यायाधीश होऊ पाहणारा माणूस शपथेवर बसून, हे सारे डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लिंटन दांपत्याच्या वतीने उगवलेला सूड आहे, असे म्हणतो, तेव्हा तो १९८२ साली काय घडले याबद्दल बोलत नसतो. निवृत्त न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे आधीचे मत कॅव्हनॉ यांना अनुकूल होते, ते या वागणुकीनंतर बदलले. हा पुरावा तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता, त्याला हजेरीपट लागत नव्हता.

वाचनवेडा :

तिघांचेही आभार. वकीलसाहेब, आपल्याकडे असा प्रसंग आला तर?

जुना काळा कोट :

आपल्याकडे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, बंद दाराआड नावे ठरवते, उमेदवाराची जाहीर सुनावणी नसतेच. जवळचे उदाहरण २०१९चे आहे, पण ते उमेदवाराचे नव्हे, पदावरील सरन्यायाधीशांचे. न्यायालयातील एका माजी कर्मचारी महिलेने न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला आणि त्यांनी तो फेटाळला. आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखाली तीन न्यायाधीशांची अंतर्गत समिती बसली. वकील सोबत ठेवू देत नाहीत, अशी कारणे देऊन तक्रारदार मध्येच बाहेर पडल्या, आणि ६ मे रोजी आरोपात तथ्य नसल्याचे जाहीर झाले. अहवाल प्रसिद्ध झाला नाही, म्हणून तिथे तुम्ही-आम्ही कोणतेच माप लावू शकत नाही.

वाचनवेडा :

समजले. पुढच्या रविवारी मी कॅव्हनॉ यांच्या दिनदर्शिकेतील जुलैचे पान छापून नेणार आहे. प्रत्येकाने घड्याळ लावून पाच मिनिटे प्रश्न विचारायचे, असे ठरवतो आहे. पोटोमॅककाठीताई, त्या १ जुलैच्या नोंदीतली टोपणनावे कोणाची, हे तेवढे कळवाल का?