ध्रुवावर बायोलॉजिस्ट कशाला?

ध्रुवप्रवासी शॅकल्टनने अंटार्क्टिकाला जाताना सोबत बायोलॉजिस्ट कशाला नेला, तिथे नुसता बर्फच तर आहे, असं कुणीतरी विचारलंय म्हणून लिहितोय. ग्लासगोचा जेम्स मरे, शॅकल्टनच्या १९०७ च्या निमरॉड मोहिमेवर होता, समुद्राच्या बर्फाला पडलेल्या भेगेतून दोरीने जाळं सोडून तळ खरवडायचा, शिवाय तिथल्याच केप रॉइड्सच्या तळ्यांवरचा कित्येक फूट बर्फ खणून खालचा गोठलेला लालसर थर काढायचा आणि तो वितळवून मायक्रोस्कोपखाली धरला की त्यातले रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) चक्क वळवळायला लागायचे! वाचताना अंगावर काटा आला माझ्या. हाच माणूस पुढे आर्क्टिकला गेला, जानेवारी १९१४ मध्ये त्याचं कार्लुक जहाज बर्फाने चिरडलं, फेब्रुवारीत तिघांसोबत सायबेरियाच्या उत्तरेच्या रँगल बेटाकडे चालत निघाला तो परत आलाच नाही.