बायपासनंतर बीपी पडलं की लगेच सलाईन? माझा विरोध आहे

भूलतज्ज्ञ: शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र. वरचं बीपी 80, लघवी कमी, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) फक्त 6. लगेच हुकूम सुटतो, ‘अर्धा लिटर सोडा.’ सीव्हीपीच्या एका आकड्यावरून द्रव देणं बंद व्हायला हवं. रक्ताभिसरण डळमळलेल्या रुग्णांत साधारण निम्म्यांचंच हृदय द्रव मिळाल्यावर जास्त रक्त पुढे ढकलतं. बाकीच्यांच्या फुप्फुसांत पाणी साचतं, रक्त पातळ होतं. त्यापेक्षा पाय उचलून बघा. सुमारे 300 मिली रक्त छातीकडे येतं. मिनिटभरात कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय दर मिनिटाला पुढे ढकलतं ते रक्त, 10 टक्के वाढलं तर द्रव द्या. नाही वाढलं तर पाय खाली, थेंबभरही जास्तीचा गेला नाही.

रात्रपाळीची सिस्टर: डॉक्टर, हे बोलायला सोपं आहे. एका पायाची शीर काढलेली, त्यावर घट्ट बँडेज, छातीचं हाड ताजं शिवलेलं. पाय हाताने उचलला की रुग्ण कळवळतो आणि दुखण्यानेच बीपी चढतं. मग तो आकडा कशाचा समजायचा?

भूलतज्ज्ञ: म्हणूनच पाय हाताने उचलायचे नाहीत. आधी डोक्याकडची बाजू 45 अंशांवर ठेवायची, मग पलंगच कलता करायचा. आणि बघायचं ते आउटपुट. बीपीवर विसंबलं तर फसगत होते.

आयसीयू रजिस्ट्रार: इतकी यातायात कशाला? रुग्ण व्हेंटिलेटरवरच असतो, पीपीव्ही, म्हणजे श्वासागणिक नाडीच्या दाबात होणारा चढउतार, मॉनिटरवर दिसतं. 13 टक्क्यांच्या वर असेल तर द्रव द्यावा.

भूलतज्ज्ञ: एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर तो आकडा निरर्थक, आणि या शस्त्रक्रियेनंतर ते कितीतरी जणांना होतं. रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला, किंवा व्हेंटिलेटरवर वजनाच्या किलोमागे 6 मिलीचेच छोटे श्वास लावले असतील, तरी भरवसा नाही. हृदयाचा उजवा कप्पा थकलेला असेल तर पीपीव्ही उगाच जास्त दिसतं, आणि नेमका त्यालाच द्रव बाधतो.

हृदयशल्यविशारद: तुमची चाचणी मान्य, पण सीव्हीपीला मोडीत काढू नका. ड्रेन (छातीत साचणारं रक्त बाहेर काढणारी नळी) अचानक कोरडा पडतो, सीव्हीपी 8 वरून 16 वर जातो, बीपी घसरतं. तिथे पाय उचलत बसू नका, इको करा. हृदयाभोवती रक्त साकळलं असेल तर छाती उघडावी लागते.

भूलतज्ज्ञ: चढत्या सीव्हीपीबद्दल तुमचं खरं आहे, मी शब्द मागे घेतो. वाद आहे तो एकट्या 6 वर अर्धा लिटर सोडण्याचा.

रात्रपाळीची सिस्टर: आणि हृदय प्रतिसाद देतंय म्हणजे द्रव द्यायलाच हवा असंही नाही ना? धडधाकट माणसाचं हृदयही देतंच की. हातपाय गरम आहेत, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय, तर मी बाटली लावण्याआधी पुन्हा विचारेन.