ज्वारीची पुरणपोळी: पारी चिरते, आणि 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं का?

तिखटमीठ
गहू नाही, दूध-तूप नाही अशी पुरणपोळी होळीआधी पाककृती आणि व्हिडिओसाठी पक्की करायची आहे. सध्याचं प्रमाण: ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम, झँथन गम 1 चमचा, कोमट पाणी लागेल तसं. पुरण नेहमीचं, हरभरा डाळ आणि गूळ समसमान. पारी पोळपाटाला चिकटते आणि तरी कडेला चिरते. पुरण बाहेर येऊन तव्यावर गूळ करपतो. कणकेत एकास दोन पुरण मावतं, इथे एकास एकही जमत नाही. काय बदलू? सोबत कटाची आमटी दाखवायची आहे, ती आपोआप व्हीगन (प्राणिजन्य काही नसलेली) आणि ग्लूटेन-फ्री (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, ते नसलेली) आहेच.

चुलीपाशी
कोमट पाणी हीच चूक. ज्वारीला कणकेसारखी तार नसते. भाकरी एकसंध राहते ती गरम पाण्यात फुललेल्या स्टार्चमुळे, आणि कोमट पाण्यात तो फुलत नाही. झँथन नुसता चिकटपणा आणतं. ते काढा, इसबगोल घ्या.

8 पोळ्यांच्या पारीला: ज्वारी 150 ग्रॅम, तांदळाची पिठी 50 ग्रॅम, इसबगोल 10 ग्रॅम, चिमूटभर मीठ, तेल 1 चमचा, पाणी 240 मिली. इसबगोल आधी कोरड्या पिठात कालवा. थेट पाण्यात टाकलं तर अशा गुठळ्या होतात की मळूनही मोडत नाहीत. पाणी खळखळ उकळलं की ओता, उलथण्याने ढवळा, झाकून 20 मिनिटं ठेवा. मग तेलाचा हात लावून 5 मिनिटं मळा. गोळा तळव्यात दाबून बघा: कडेला भेग पडली तर चमचाभर गरम पाणी. बोटाला चिकटला तर वरून पीठ घालू नका, 10 मिनिटं थांबा. इसबगोल अजून पाणी ओढत असतं.

पुरणाला डाळ 200 ग्रॅम, गूळ 160. समसमान गूळ इथे जास्त होतो, तव्यावर पाघळतो. शिजलेली डाळ चाळणीत 15 मिनिटं निथळू द्या, पुरण उलथणं उभं राहीपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. ओलसर किंवा कोमट पुरणाची वाफ पारी आतून भिजवते आणि नेमकी तिथेच ती फाटते. एकास दोनचा नाद सोडा: 55 ग्रॅम पारी, 50 ग्रॅम पुरण. थोडं पुरण उरेल, ते उरू द्या.

उंडा केळीच्या पानावर किंवा दोन बटर पेपरच्या मध्ये आधी बोटांनी थापा, लाटणं अगदी शेवटी, हलकं. कागदासकट तव्यावर पालथी घाला आणि कागद सोडवा. मध्यम आच, पहिली बाजू दीड मिनिट हात न लावता. घाईने उलटलीत तर दोन तुकडे हातात येतील.

रोवळी
वरचं सगळं बरोबर, पण पीठ किती जुनं आहे ते कुणी विचारलं नाही. महिनाभर पडलेलं ज्वारीचं पीठ विरी जातं, म्हणजे त्याची चिकटाई जाते, मग उकळतं पाणीही त्याला वाचवत नाही. दळल्यापासून आठवड्याच्या आतलं घ्या. मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर उत्तम.

अडकित्ता
आमटी 'आपोआप ग्लूटेन-फ्री' नाही! डब्यातला नेहमीचा बांधानी हिंग बघा: डिंकाबरोबर बहुधा मैदा किंवा कणीक असते. काहींत तांदळाचं पीठ असतं, म्हणून घटक वाचूनच घ्या. आणि फोडणीतला हिंग बदलूनही भागत नाही, कारण गोड्या मसाल्यात तोच हिंग बसलेला असतो.

दुसरं, गिरणी. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन. कणकेत ग्लूटेन साधारण 8 टक्के धरलं तर किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा गाठली. गहू दळून झालेल्या जात्यात तेवढी कणीक सहज अडकलेली असते. पहिलं पीठ बाजूला काढल्यानेही खात्री होत नाही. अख्खी ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ चक्कीत दळा. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणीही वेगळी हवी, लाकडाच्या चिरांतली कणीक निघत नाही.

एवढं पाळलं नसेल तर 'गव्हाशिवाय' लिहा. सीलिएक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असलेला माणूस तुमच्या शीर्षकावर विसंबून खाणार आहे.

व्हीगनची बाजू सोपी आहे, फक्त हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो शाकाहाराचा, दूध-मध त्यात चालतं. व्हीगन पदार्थांची खूण वेगळी आहे, 2022 च्या नियमांतली.

वेलदोडा
पाककृती लिहिताना वाटी नको, ग्रॅम द्या. इसबगोल वाटी-चमच्यात दाबून भरला की प्रमाण कोलमडतं आणि लोक खाली 'फाटली' म्हणून लिहितात. गोळा दाबून बघतानाची भेग जवळून दाखवा, शब्दांत ती कळत नाही. फोटो तव्यावरून उतरल्यावर दहा मिनिटांत काढा. गार झाली की कडा ताठ होतात, वाकवलं तर तडकते. परत मऊ करायची तर 2 मिनिटं वाफ द्या, मायक्रोवेव्हने चामट होते. आणि नुसत्या ज्वारीची फिकी दिसते, पारीत पाव चमचा हळद घाला.

तिखटमीठ
सगळ्यांचे आभार, हिंगाचं डोक्यातच नव्हतं. दोन प्रश्न: इसबगोलची पूड चालेल का? आणि पोळीवर तुपाऐवजी काय?

चुलीपाशी
पूड चालेल, पण 7 ग्रॅमच. ती पाणी झपाट्याने धरते, 10 घातलीत तर पारी खाताना जेलीसारखी लागते. वरून घाण्याचं शेंगदाणा तेल, किंवा कोकणी चवीला खोबरेल. दुधाऐवजी नारळाचा पहिला रस कोमट करून वाढा, उकळी आली की फुटतो.