मदत हवी आहे: मेलही घरच्या लॅपटॉपवर आणू का?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात राहतो, घरचा केळीचा व्यापार. गूगलचे फुकटचे १५ जीबी भरले तेव्हा जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. आज त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड आणि पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन चालतं, तेही फक्त घरच्या वायफायवर. वडिलांना फोटो दिसले की झालं.

आता चुलतभाऊ मागे लागलाय, मेलही घरीच आण, दर महिन्याचे पैसे वाचतील. दिल्लीच्या व्यापाऱ्यांना हिशेबाच्या पट्ट्या आमच्या डोमेनवरून जातात. मेलकाउ हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. आपसात मेल फिरतो, बाहेर एकही जात नाही. मेल बाहेर जायचा रस्ता, म्हणजे पोर्ट २५, बंद दिसतो, आणि राउटरमध्ये बाहेरचा आयपी (नेटवरचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो.

विजेचं तर सांगायला नको. त्यात मे महिन्यात बॅटरी फुगून टचपॅड वर आला. पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, चूक माझीच. आता बॅटरी काढून इन्व्हर्टरवर चालवतो. स्थिर आयपी घेतला तर जमेल का?

प्रतिसाद १:
भाऊ, १००.७२ म्हणजे सीजीनॅट, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला, म्हणून बाहेरून थेट तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. स्थिर आयपीने ते सुटेल, पण पोर्ट २५ उघडणं आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नेटवाल्याच्याच हातात. आधी ते विचारा. एसपीएफ, डीकिम (मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या खुणा) तुम्ही लावाल, तरी नव्या पत्त्यावर जीमेल लवकर भरवसा ठेवत नाही. वीज गेली तर येणारा मेल सहसा बुडत नाही, समोरचा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा पाठवतो. घोळ जाणाऱ्या मेलचा आहे. पट्टी स्पॅममध्ये पडली तर तुम्हाला कळणारही नाही, आणि व्यापारी म्हणेल आलीच नाही.

प्रतिसाद २:
आणखी एक. पासवर्डची तिजोरी त्याच लॅपटॉपवर, आणि पासवर्ड बदलायचा मेलही तिथेच येणार? डिस्क गेली तर दोन्ही एकदम जातील. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा, मेल बाहेरच राहू द्या. आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची, उतरवायची पद्धत) त्याची प्रत तेवढी घरी उतरवा.

धागाकर्ता:
तिजोरीचं डोक्यातच आलं नव्हतं! मेल बाहेरच ठेवतो, भावाला समजावतो. फोटोंची दुसरी प्रत जळगावला मावशीकडे ठेवायचा विचार आहे. तिच्याकडेही सीजीनॅट निघालं तर?

प्रतिसाद १:
दोन्हीकडे टेलस्केल टाका, ते दोन्ही यंत्रं नेटवरून खाजगी जोडतं. सीजीनॅट असलं तरी चालतं.