मदत हवी आहे: महाभारताच्या दोन पाठांतले अध्याय-क्रमांक जुळवायचे आहेत

वाचनगटात आम्ही शांतिपर्व घेत आहोत. काहींकडे नीलकंठी पाठावरचं (नीलकंठाच्या टीकेसोबतच्या प्रचलित संहितेवरचं) मराठी भाषांतर आहे, काहींकडे भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता). संदर्भ दिला की प्रत्येकाचं पान वेगळं! गीतेचं सोपं आहे: भीष्मपर्वात नीलकंठी पाठात अध्याय 25 ते 42, चिकित्सित आवृत्तीत 23 ते 40, म्हणजे सरळ दोनचा फरक. शांतिपर्वात मात्र असा एकच आकडा वजा करून चालत नाही, कारण चिकित्सित आवृत्तीत मध्येच श्लोक, कधी अख्खे अध्याय गाळून तळटीपेत किंवा परिशिष्टात गेलेत.

श्लोकाच्या पहिल्या चरणावरून प्रतीकसूचीत (श्लोकांच्या सुरुवातीच्या शब्दांच्या वर्णानुक्रमी यादीत) शोधून पाहिलं. जमतं, पण पहिल्याच शब्दात पाठभेद असला की श्लोक सापडत नाही, आणि भाषांतरात मूळ श्लोक नसले तर शोधायचं तरी कशावरून? संगणकीय पाठातही हीच अडचण. सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्यावी हे शक्य नाही. बऱ्याच जणांना संस्कृत येत नाही. इंग्रजी साधन चालेल, छापील असो वा पीडीएफ.

शांतिपर्वापुरता, निदान त्यातल्या मोक्षधर्म या शेवटच्या मोठ्या भागापुरता, दोन्ही पाठांचे अध्याय समोरासमोर देणारा तक्ता कुठे मिळेल? की चिकित्सित क्रमांक समासात छापलेलं एखादं मराठी भाषांतर आहे?