हात हलवला की नक्षी हलते. मग पुढे काय?

कोरा कागद
अंधारी खोली, भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत, छताला कॅमेरा. आपण हात हलवायचा की भिंतीवरची पारंपरिक नक्षी थरथरते, पाखरं उडतात. लोक दोन मिनिटं हात हलवतात, रील काढतात, पुढच्यांना जागा देतात. बाहेर फलक असतो: ‘संस्कृती, तंत्रज्ञान आणि समाज यांना जोडणारा प्रकल्प’. आणि ज्यांची ती नक्षी, ते? आभाराच्या यादीत, प्रायोजकांच्या खाली.

माझा निकष साधा आहे. ज्यांच्या नावाने प्रकल्प उभा राहतो त्यांना ‘हे दाखवू नका’ म्हणायचा हक्क नसेल, तर त्याला सहभाग म्हणू नये. हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू या मूळ रहिवासी लोकांसोबत किम क्रिस्टन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ‘मुकुर्तू’ नावाची प्रणाली केली. फोटो, ध्वनिमुद्रणं सगळं त्यात ठेवता येतं, पण कोणी काय बघायचं ते तिथले लोक ठरवतात. अमुक फक्त बायकांसाठी, तमुक फक्त त्या घराण्यासाठी. माणूस वारला तर त्याचा फोटो सरसकट दिसत नाही. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत मौल्यवान वस्तू जपून ठेवायची पिशवी. पिशवीचं तोंड कोणाच्या हातात, एवढाच माझा प्रश्न आहे.

वायरमन
कागदराव, असल्या भिंती उभ्या करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा पूर्वग्रह आधीच कबूल.

तुमचा निकष लावला तर आमच्या धंद्यातला सगळ्यात भन्नाट प्रयोगच बाद होईल. नोव्हेंबर १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलावंतांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याकडेला एकेक मोठा पडदा लावला आणि दोन्ही उपग्रहाने जोडले. पलीकडच्या शहरातली माणसं खऱ्या उंचीची दिसायची, त्यांचं बोलणं ऐकू यायचं. ना पाटी, ना जाहिरात. पहिल्या संध्याकाळी येणारेजाणारे थबकले. दुसऱ्या दिवशी कानोकानी ऐकून लोक आले. तिसऱ्या दिवशी वर्षानुवर्षं न भेटलेले नातेवाईक ठरवून दोन टोकांना येऊन उभे राहिले. मग पडदे उतरवले. कुठल्या समितीने कोणाला विचारलं होतं? लोक जमले, बस.

आणि दोन मिनिटं हात हलवून एखादं पोर हसत असेल तर त्यात तुमचं काय जातं?

कोरा कागद
पोराने हसावं की. पण १९८० च्या त्या पडद्यावर लोक स्वतःच होते, कोणाची पिढीजात वस्तू उचलून आणली नव्हती. तुम्ही उदाहरण चांगलं दिलंत, पण वेगळ्या खटल्यातलं.

तिरकी रेघ
तोच प्रयोग २०२४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क आणि डब्लिनमध्ये झाला. गोल पडदा, चोवीस तास थेट चित्र. काही दिवसांतच लोकांनी कॅमेऱ्यासमोर नको ते दाखवलं आणि पडदा बंद करावा लागला. पुन्हा सुरू झाला तो वेळा ठरवून, आणि कोणी कॅमेऱ्याला फारच खेटलं की दोन्हीकडचं चित्र धूसर होईल अशी सोय करून. ‘लोक जमले, बस’ इतकं सोपं ते नसतं, वायरमन. कोणीतरी राखण करतंच, मग ते शेजारी असोत की सॉफ्टवेअर.

जुनी फ्लॉपी
तुम्ही दोघं हक्कावर भांडताय, तोवर प्रकल्प मरून गेलेला असतो. वेबपानांवर हलती चित्रं चालवणाऱ्या ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्यावर बनवलेली ढीगभर परस्परसंवादी चित्रं, खेळ एका झटक्यात मुके झाले. हालचाली ओळखणाऱ्या कितीतरी भिंती किनेक्ट कॅमेऱ्यावर चालत, त्याचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये थांबवलं. उद्घाटनाला पैसे असतात, तिसऱ्या वर्षी बल्ब बदलायला नसतात. अनुदानाच्या अर्जात ‘देखभाल’ हा रकाना मी तरी अजून भरलेला पाहिला नाही. (असला तर ‘लागू नाही’.)

ओवी
मला कागदरावांचं पटत नाही, पण वायरमनच्या कारणासाठी नाही. ‘समाज नाही म्हणेल’ म्हणजे नेमकं कोण म्हणेल? प्रत्येक समाजात आवाज चढवून बोलणारे चार जण असतात आणि मागे गप्प उभे राहणारे चाळीस. हक्क दिला की तो त्या चौघांकडे जातो. पुढे एखादी मुलगी आजीचं गाणं आपल्या पद्धतीने फिरवून पाहते, तेव्हा ‘परंपरा बिघडवली’ म्हणून तिलाच गप्प करतात. कुलूप बाहेरच्यांना अडवतं तसं आतल्यांनाही अडवतं.

कोरा कागद
ओवीताई, हा मुद्दा मला अडचणीचा आहे आणि तो मी टाळत होतो. तरी एक सांगतो. न्यूझीलंडमध्ये ‘ते हिकू मीडिया’ या माओरी लोकांच्या रेडिओ संस्थेने २०१८ मध्ये माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, संगणकाला कळावी म्हणून लोकांना वाक्यं वाचून पाठवा म्हटलं. दहा दिवसांत सुमारे २,५०० लोकांनी ३०० तासांहून जास्त आवाज दिला. मोठ्या कंपन्यांना तो द्यायला संस्थेने नकार दिला. एवढे लोक पुढे आले, कारण आवाज कोणाकडे राहणार हे त्यांना माहीत होतं. चौघांची दादागिरी यावर माझ्याकडे औषध नाही. पण बाहेरच्या एकाची दादागिरी त्याहून बरी, असंही मी म्हणणार नाही.

वायरमन
रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहितो. माझ्या बाजूचं नाही हे.

दोनेक वर्षांपूर्वी अशीच एक नक्षीची भिंत केली होती. चौथ्या दिवशी एक म्हातारी आली. त्या नक्षीवाल्यांपैकीच, कोणीतरी सोबत आणलेली. सगळे हात हलवत होते, ती हलवेना. मग भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली, स्वतःची सावली नक्षीवर पडली तशी बाजूला सरकली आणि बोटाने एक रेघ गिरवत म्हणाली, “ही उलटी फिरवलीय. आम्ही बाहेरून आत येतो.” मी म्हटलं, आजी, ते आता सॉफ्टवेअरमध्ये पक्कं झालंय.

ओवी
खरंच झालं होतं?

वायरमन
नाही. वीस मिनिटांचं काम होतं. प्रदर्शन अजून दोन दिवस चालणार होतं.