मदत हवी आहे: यूकेमध्ये सेलमधला उसवलेला कोट दुकान परत घेत नाही

लेस्टरमधल्या एका दुकानातून ८५ पौंडांचा लोकरी कोट घेतला, डेबिट कार्डावर. तिसऱ्यांदा घातला तेव्हा काखेतली शिवण उसवली आणि अस्तर बाहेर लोंबायला लागलं. पावती आहे. लेबल मात्र कापलंय (घालायलाच घेतला होता, कापणारच!).

दुकानात गेले तर काउंटरवरच्या बाईंनी कोट चिमटीत धरून उलटसुलट केला, "सेलचा माल परत होत नाही" म्हणाल्या आणि मी बोलत असतानाच मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. मॅनेजर म्हणाला, फार तर गिफ्ट कार्ड देऊ. ते मला नकोय.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष माल ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, सेलमधला असला तरी. ऑनलाइन खरेदी रद्द करायला मिळणारे १४ दिवस इथे लागू नाहीत, कारण कोट दुकानातून घेतलाय. क्रेडिट कार्ड नाही, रक्कमही १०० पौंडांच्या आत, म्हणजे कलम ७५ (ग्राहक कर्ज कायद्यातलं, क्रेडिट कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारं) सुद्धा बाद.

आज २४ वा दिवस. उसवलेल्या भागाचे फोटो काढून मुख्य कार्यालयाला तक्रारीची ईमेल केली. आपोआप येणारी पोच तेवढी आली. त्या बाईंच्या वागण्याचं सोडून दिलंय, पैसे सोडणार नाही.

आता "कोट नाकारतेय, पैसे परत करा" असं ईमेलने स्पष्ट कळवलं तर मुदत पाळली असं धरतात, की कोट प्रत्यक्ष दुकानात नेऊन द्यावाच लागतो? आणि बँकेकडून चार्जबॅक (कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवणं) मागायला दुकानाचा लेखी नकार आधी हातात हवा का?